ओसरीवरची शिकवणी

संध्याकाळची वेळ आहे. जनावरे गोठ्यात आली आहेत. चुलीवर भाकरी भाजत आहे. ओसरीवर एक लेकरू पुस्तक घेऊन बसले आहे. एकाच ओळीवर बोट ठेवून ते केव्हाचे थांबले आहे. आईला विचारावे, तर आई आत्ता कुठे वाचायला शिकली. बापाला विचारावे, तर बाप शेतातून थकून आला आहे. मग ते लेकरू पुस्तक मिटते आणि बाहेर पळते.

त्याच गल्लीत, चार घरे सोडून, एक मुलगी राहते. ती बारावी पास झाली आहे. नोकरी नाही. हंगामात आईबरोबर निंदायला जाते. हंगाम सरला की घरी बसते. तिला गणित चांगले येते. समजावून सांगायची हौसही आहे.

एका घरात अडलेले लेकरू, दुसऱ्या घरात रिकामे बसलेले शिक्षण. मधे फक्त चार घरांचे अंतर. हे अंतर कसे तोडावे, ते आज आपण पाहू.

बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात जानेफळ नावाचे गाव आहे. ही मुलगी जानेफळची आहे असे आपण समजू. तुमचे गाव दुसरे असेल. तुमच्या घरी मुलीऐवजी मुलगा असेल, नाही तर सून असेल. पण धंद्याची रीत तीच आणि हिशेबही तोच.

धंदा म्हणायला लाजू नका

ही मुलगी एक दिवस बापाला म्हणते, "बाबा, मी लेकरांची शिकवणी सुरू करू का?"

बाप म्हणतो, "कर की बाई. पण त्याला बाकं लागतील, मोठा फळा लागेल, पंखा लागेल. दारावर पाटी लागेल. वीस-पंचवीस हजार लागतील. बघू, कुणाकडून व्याजानं मिळतात का."

इथेच थांबा. आम्ही सांगतो, कर्ज काढू नका. शिकवणी बाकांवर चालत नाही. ती शिकवणाऱ्यावर चालते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे शेतीत खरे आहे आणि इथेही खरे आहे.

दुसरी गोष्ट. काही लोक म्हणतील, "विद्या विकायची नसते." त्यांना सांगा, मोठमोठ्या माणसांनी हे काम केले आहे. लोकमान्य टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. मग प्रपंच चालवण्यासाठी त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला. वकिलीच्या परीक्षेची तयारी ते करून घेत.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८८७ सालचा, कोल्हापूरकडच्या कुंभोज गावचा. त्यांनी कॉलेज पाहिले नव्हते. तरुणपणी साताऱ्याला ते मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणू लागले. पुढे त्यांनी ओगल्यांच्या काचेच्या कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी विक्रीचे काम केले. त्या कामात ते गावोगाव हिंडले. शिक्षणावाचून खेड्यातल्या माणसाचे काय हाल होतात, ते त्यांनी पाहिले. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तिथे पैसा संपला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकून मुलांना जेवू घातले. आज त्या संस्थेच्या शाळा आणि कॉलेजे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत.

आपल्या मुलीने एवढे मोठे काम केलेच पाहिजे असे नाही. पण शिकवणी घेऊन पोट भरण्यात कमीपणा नाही, एवढे ध्यानात घ्या. कमीपणा आहे तो फी घेऊन न शिकवण्यात.

पहिले काम : घरोघर विचारा

दुकान टाकण्याआधी शहाणा माणूस गिऱ्हाईक पाहतो. तसेच इथे करावे.

आपल्या भागातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी मुलीने आईला बरोबर घेऊन वीस घरी जावे. वही बरोबर असावी. प्रत्येक घरी चारच गोष्टी विचाराव्या. लेकरू कितवीत आहे? कोणता विषय अवघड जातो? संध्याकाळी घरी अभ्यास कोण घेते? आणि महिन्याला किती पैसे देणे झेपेल?

उत्तरे त्याच ठिकाणी लिहून घ्यावी. डोक्यात ठेवलेले विसरते. वहीत लिहिलेले राहते.

वीस घरांपैकी आठ-दहा घरी "पाठवू" म्हणतील. त्यांतली पाच-सहा लेकरे खरोखर येतील. बाजारात तुरी म्हणतात, ते असेच असते. पण पाच लेकरे पुरेत. पहिल्या महिन्यात पाचच असावीत. पाच जणांना शिकवता आले, तर बारा जणांना शिकवता येईल. पाच जणांनाच जमले नाही, तर चूक लवकर कळेल आणि नुकसान थोडे होईल.

लेकरू कुठे अडले, ते शोधा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ शिकवण्या इथेच फसतात.

लेकरू पाचवीत आहे, म्हणून त्याला पाचवीचे पुस्तक शिकवायला घेतात. पण ते लेकरू अजून दुसरीच्याच धड्यावर अडलेले असते. वरचा मजला बांधतात आणि खाली पायाच नसतो.

हे एखाद्या घरचेच दुखणे नाही. 'प्रथम' नावाची एक संस्था आहे. ती १९९५ च्या सुमारास मुंबईत सुरू झाली. २००५ सालापासून तिच्या पुढाकाराने देशभरातल्या खेड्यांत 'असर' नावाची पाहणी होते. लोक घरोघर जातात आणि लेकरांना वाचायला लावतात. २०२४ च्या पाहणीत काय दिसले? देशातल्या खेड्यांत पाचवीच्या १०० मुलांपैकी सुमारे ४९ मुलांनाच दुसरीचा धडा वाचता आला. बाकीची पाचवीत होती, पण दुसरीचा धडा त्यांना येत नव्हता.

म्हणून पहिल्या दिवशी शिकवू नका. पहिल्या दिवशी पाहा. या पाहणीची रीत सोपी आहे. ती आपणही वापरू शकतो.

एका कागदावर चार गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा. आधी सुटी अक्षरे. मग सोपे शब्द. मग पहिलीच्या पुस्तकासारखी चार वाक्ये. मग दुसरीच्या पुस्तकासारखी छोटी गोष्ट. लेकराला जवळ बसवा. इतरांना दूर खेळू द्या, म्हणजे कुणी हसणार नाही. लेकरू जिथे अडेल, तिथे वहीत खूण करा.

गणिताचेही तसेच. १ ते ९ आकडे ओळखता येतात का? दोन आकडी संख्या येतात का? हातचा घेऊन वजाबाकी येते का? भागाकार येतो का?

आता एक उदाहरण पाहा. लेकराला ४२ मधून १७ वजा करायला सांगितले. त्याने उत्तर लिहिले ३५. बाप म्हणेल, "चूक. पुन्हा कर." लेकरू पुन्हा ३५ लिहील. त्याला शंभर वेळा करायला लावले, तरी ते ३५च लिहील. का?

कारण ते २ मधून ७ काढत नाही. ते ७ मधून २ काढते, म्हणजे ५. मग ४ मधून १ काढते, म्हणजे ३. झाले ३५. त्याच्या मनात मोठ्यातून लहान काढायचे एवढेच पक्के बसले आहे. ते लेकरू मठ्ठ नाही. त्याला हातचा कळलेला नाही, एवढेच.

यावर उपाय आपल्या धुऱ्यावर पडलेला आहे. तुरीच्या काड्या घ्या. दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या बांधा. दोन काड्या सुट्या ठेवा. हे झाले ४२. आता म्हणा, "यातल्या सतरा मला दे." लेकरू एक जुडी देईल. मग सुट्या सात शोधील. सुट्या तर दोनच! थोडा वेळ ते विचार करील आणि आपणच एक जुडी सोडील. आता बारा सुट्या झाल्या. त्यातल्या सात दिल्या, उरल्या पाच. जुड्या उरल्या दोन. उत्तर आले २५.

जुडी सोडणे म्हणजेच हातचा घेणे. हाताने जे केले, ते डोक्यात बसते. यानंतर ते पाटीवर लिहायला लावा.

म्हणून शिकवणीत इयत्तेप्रमाणे बसवू नका. ज्याचे जिथे अडले, त्याप्रमाणे बसवा. तिसरीचे आणि पाचवीचे लेकरू एकाच ठिकाणी अडले असेल, तर दोघे एकत्र बसतील. मात्र "तू मागे आहेस" असे कुणालाही म्हणू नका. "आपण आज जुड्यांचे गणित करू" असे म्हणा.

जागा आणि सामान

जागा घरचीच ओसरी. ती झाडलेली असावी. दार उघडे असावे. आईबापांनी केव्हाही येऊन पाहावे, बसावे. लपवण्यासारखे काही नाही, हे गावाला दिसले की विश्वास बसतो.

वेळ अशी ठेवा की लेकरे दिवस मावळायच्या आत घरी पोचतील. निदान मुलींनी चौघी-पाचजणींनी मिळून यावे, मिळून जावे. शाळेची वेळ कधीही घेऊ नका. शाळा बुडवून शिकवणीला आलेल्या लेकराला परत पाठवा. सहा ते चौदा वर्षांच्या लेकरांना फुकट शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. तो कायदा २००९ साली झाला. शाळा हे जेवण आहे. शिकवणी म्हणजे वरून वाढलेली भाजी. भाजीसाठी जेवण सोडू नये.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. शाळेतल्या शिक्षकांनी खाजगी शिकवणी घेऊ नये, असे ते सांगते. म्हणून शाळेच्या गुरुजींना भागीदार करू नका. पण त्यांना जाऊन भेटा. नमस्कार करा. "गुरुजी, तुमची अमकी लेकरे माझ्याकडे बसतात. त्यांचे काय कच्चे आहे?" असे विचारा. गुरुजींशी भांडण नको. लेकरू दोघांचे आहे.

आता सामान. आम्ही नमुन्याचा हिशेब देतो. भाव तुमच्या गावचे घाला.

भिंतीवर फळ्यासाठी काळा रंग आणि ब्रश : ३०० रुपये.
खडू आणि पुसणी : १०० रुपये.
दोन वह्या आणि एक पावती पुस्तक : १५० रुपये.
वीज गेली तरी चालणारा एक चार्जिंगचा बल्ब : १५० रुपये.
जुनी पुस्तके : २०० रुपये.
एकूण : ९०० रुपये.

सतरंजी घरची. काड्या शेतातल्या. बापाने वीस-पंचवीस हजार म्हटले होते. नऊशे रुपयांत काम सुरू झाले. व्याज नाही, सावकार नाही.

फी किती घ्यावी?

फुकट शिकवले, तर चार दिवसांनी लेकरू येत नाही आणि शिकवणारीही थकते. फार फी घेतली, तर मजुराचे लेकरू बाहेर राहते. मग किती घ्यावी?

आमचे मत असे, की गावातल्या एका दिवसाच्या मजुरीहून महिन्याची फी जास्त नसावी. बापाच्या मनात हिशेब लगेच बसतो. "महिन्यातला एक दिवस मी लेकरासाठी राबलो," असे तो म्हणतो.

समजा, फी २०० रुपये ठरली. तीन महिन्यांत बारा लेकरे झाली. त्यांतली नऊ पूर्ण फी देतात. दोन घरची परिस्थिती ओढगस्तीची आहे, ती निम्मी देतात. एक लेकरू फुकट बसते. मग हिशेब असा :

९ लेकरांचे १८०० रुपये.
२ लेकरांचे २०० रुपये.
एकूण जमा : २००० रुपये.
खडू, कागद, झेरॉक्स, वीज, पुस्तके यांचा खर्च : ५०० रुपये.
शिल्लक : १५०० रुपये.

महिन्यात २६ दिवस, रोज दीड तास, म्हणजे ३९ तास काम झाले. तासाला अडतीस रुपयांच्या आसपास पडले. याशिवाय घरी तयारी करायला वेळ जातो, तो वेगळा. म्हणजे यात कुणी श्रीमंत होत नाही. हे आम्ही आधीच सांगतो. एवढ्यावर सगळे घर चालणार नाही. पण दुसरी तुकडी सुरू केली, तर शिल्लक दुप्पट होईल. मुलीच्या पुढच्या शिक्षणाची फी निघेल. किराण्याची उधारी कमी होईल. थेंबे थेंबे तळे साचते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात ओळखावी लागते. नोकरदाराच्या घरी पैसा महिन्याला येतो. शेतकऱ्याच्या घरी पैसा पिकाला येतो. सोयाबीन निघते दसरा-दिवाळीच्या सुमारास. तूर आणि हरभरा त्यानंतर. ऑगस्टमध्ये घरात दमडी नसते. तेव्हा फीसाठी तगादा लावला, तर बाप लाजेने लेकरू काढून घेईल. म्हणून आधीच ठरवा : "काका, महिन्याला जमत नसेल, तर सोयाबीन विकल्यावर तीन-चार महिन्यांचे एकदम द्या." हे वहीत लिहा आणि वाचून दाखवा.

फी थकली, म्हणून लेकराला सर्वांसमोर उठवू नका. पैसा बापाने द्यायचा आहे. लेकराचा त्यात काय अपराध? बापाशी त्याच्या घरी जाऊन बोला.

हिशेबाची वही

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही तर नवीन शिकलेली माणसे. शिकवणी मुलगी घेणार. आमचे काय काम?"

तुमचे काम मोठे आहे. हिशेबाची वही तुम्ही सांभाळा. तुम्हाला आता अक्षर येते, आकडा येतो. मग हातात वही घ्या.

एका वहीत पैसे लिहा. तारीख, लेकराचे नाव, जमा, खर्च, बाकी. पैसे घेतले की पावती द्या, मग रक्कम पन्नास रुपये का असेना. फोनवरून पैसे आले, तरी वहीत नोंद करा. शिकवणीचे पैसे घरखर्चाच्या पैशांत मिसळू नका. वेगळा डबा ठेवा. महिना संपला की डबा मोजा आणि वहीशी ताडून पाहा.

दुसऱ्या वहीत मुलीने लेकरांची प्रगती लिहावी. "जुलैत सुटी अक्षरे येत होती. सप्टेंबरात चार वाक्ये वाचली." महिन्यातून एकदा आईबापांना बोलवावे. त्यांच्यासमोर लेकराला वाचायला लावावे. हातच्या काकणाला आरसा कशाला? आईने आपल्या कानांनी लेकराचे वाचन ऐकले, की ती दुसऱ्या चार आयांना सांगते. दारावरच्या पाटीचे काम तिचे बोलणे करते.

काय सांगावे, काय सांगू नये

एखादा बाप विचारील, "माझ्या पोराचा पहिला नंबर येईल का?"

इथे मोह होतो. "हो" म्हटले, तर एक लेकरू वाढते. पण "हो" म्हणू नये. नंबर आपल्या हातात नाही. खरे उत्तर असे : "काका, नंबराचे सांगता येत नाही. पण दिवाळीपर्यंत त्याला धडा वाचता यावा, म्हणून मी रोज त्याच्याजवळ बसेन. महिन्याला तुम्हाला दाखवीन. फरक दिसला नाही, तर लेकरू काढून घ्या."

शहरांतल्या मोठ्या वर्गांनी खोट्या जाहिराती करून पुष्कळ आईबापांना फसवले आहे. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा वर्गांसाठी सूचना काढल्या. पन्नासहून जास्त मुले असलेले वर्ग त्यांत धरले आहेत. खोटी आश्वासने देऊ नका, फीची पावती द्या, मूल मधेच गेले तर उरलेल्या दिवसांची फी परत करा, असे त्यांत आहे. आपला वर्ग बारा लेकरांचा. पण चांगली रीत लहानानेही पाळावी. वर्ग वाढवायचा झाला, तर त्या वेळचे नियम पंचायतीत आणि तालुक्याला विचारून घ्यावे.

पुढे हात बसला, की वरच्या मुलांची तयारीही घेता येईल. आठवीच्या मुलांसाठी सरकारची एक शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिला एनएमएमएस म्हणतात. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या, थोड्या उत्पन्नाच्या घरच्या मुलांना ती देता येते. जे निवडले जातात, त्यांना नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मजुराच्या घरी ही रक्कम थोडी नाही. पुष्कळ घरांना ही परीक्षा असते हेच माहीत नसते. नुसती माहिती सांगितली, तरी मोठे काम होईल.

एक महिना पाहा

तर असे करा. पाच लेकरे घ्या. नऊशे रुपये घाला. एक महिना चालवा. महिन्याच्या शेवटी तीन प्रश्न विचारा. लेकरे रोज येतात का? पहिल्या दिवशी जिथे खूण केली होती, तिथून ती पुढे सरकली का? डब्यातले पैसे वहीशी जुळतात का? तिन्हींचे उत्तर "हो" असेल, तर सहावे लेकरू घ्या. एखाद्याचे "नाही" असेल, तर आधी ते सुधारा, मगच वाढवा.

आणि ते फुकट बसणारे बारावे लेकरू? त्याला मोजताना विसरू नका. बहुतेक तेच ते लेकरू असेल, जे एका ओळीवर बोट ठेवून थांबले होते आणि पुस्तक मिटून पळाले होते. आता त्याचे बोट पुढच्या ओळीवर सरकले आहे. त्याची आई चुलीपाशी बसून ऐकते आहे. तिलाही आता अक्षर कळते. लेकरू चुकले, की तीच आतून म्हणते, "थांब रे, पुन्हा वाच. तिथं काना आहे."